परत कसे याल

१

पर्यटनाच्या पुस्तकात प्रत्येक ठिकाणाच्या शेवटी एक चौकट असते. ‘कसे जाल?’ स्टेशन कोणतं, बस कुठून सुटते, चालायचं किती, एवढंच तिच्यात असतं. ती चौकट कोणी लिहिली हे वाचक पाहत नाही, पाहायचं कारणही नाही. गेली नऊ वर्षं पुण्याच्या एका प्रकाशनासाठी ती मी लिहितो. माझी स्वतःची चार पुस्तकं आहेत, पण घर चौकटींवर चालतं.

त्याआधी एकोणीस वर्षं मी तारापूरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं. तिथे एक नियम होता. ट्रक दारात उभा असला, पावती बरोबर असली, तरी दोघांच्या सह्या झाल्याशिवाय माल आत घ्यायचा नाही. तो नियम मी चौकटींनाही लावला. मी फिरत नाही. टेबलाशी बसून फोन करतो. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली की समासात लाल पेन्सिलीने लिहितो, ‘पक्कं’. तोवर ओळ छापायला जात नाही.

बोईसरहून सालवडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. गिरणी सुरू झाली की टेबलावरचा चहा कपात थरथरतो. टेबल जिन्याच्या दाराकडे पाठ करून ठेवलेलं आहे, कारण उजेड खिडकीतून येतो.

‘परत कसे याल?’ ही दुसरी चौकट माझी नाही, दीपालीची. दीपाली माझी बायको, मुरब्याची. सातपाटीला मच्छीमारांच्या एका सोसायटीत ती क्लार्क होती. माझ्या पहिल्या चौकटीचं प्रूफ वाचून तिने विचारलं होतं, माणूस गेला कसा हे सांगितलंत, आला कसा ते कोण सांगणार? तिच्या माहेरी बापभाऊ बोटीवर जाणारे. जाण्याचं तिथे कुणाला कौतुक नसतं. मी ती ओळ घातली, आणि वाचकांची पत्रं आली ती त्याच ओळीसाठी. त्या चौकटीत शेवटी छापलं जाणारं ‘पंधरा मिनिटं आधी उभे राहावे’ हे वाक्यही तिचंच. आठ चाळीसच्या बसला ती आठ पंचवीसला उभी असे.

२

घरातून निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दीपाली मात्र मुद्दाम ‘जाते’ म्हणायची. दारात, चपला घालताना. मी आतून, पाठमोराच, म्हणायचो, “येते म्हण.” ती दोन जिने उतरायची, आणि अगदी खालच्या पायरीवरून, गिरणीवर आलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, “येते.” मी म्हणायचो, “ये.” मग फाटकाची कडी वाजायची.

सव्वीस वर्षं हे चाललं. इतकं की मी लिहिण्यात बुडालेलो असलो तरी ‘ये’ तोंडातून आपोआप निघे. एकदा खालून गिरणीवाल्याच्या बायकोने कुणाला तरी “येते गं” म्हटलं, आणि मी वरून “ये” म्हणालो. दीपाली स्वयंपाकघरात होती. ती हसत बाहेर आली. म्हणाली, तुम्हाला झोपेत हलवून विचारलं तरी ‘ये’च म्हणाल, समोर कोण आहे ते बघणार नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मुंबईच्या एका इस्पितळात तिला ऑपरेशनसाठी नेलं. लिफ्टपाशी स्ट्रेचर थांबलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “जाते.” डोळ्यांत तोच खोडकरपणा होता. मी म्हणालो, “येते म्हण.” दार बंद झालं. ती नेहमी खालून म्हणायची, म्हणून मी तिथेच उभा राहिलो. लिफ्ट वर गेली होती हे मला थोड्या वेळाने कळलं.

अस्थी मुरब्याला समुद्रात सोडल्या. बाराव्याला आलेली माणसं रीतीप्रमाणे काही न बोलता उठून गेली. दुःखाच्या घरातून निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही. सगळे गेल्यावर तिची आई, रत्नाबाई, माझ्याजवळ बसल्या आणि शेवटी काय बोलली असं विचारलं. मी सांगितलं, येते म्हणाली. का खोटं बोललो ते मला सांगता येत नाही. म्हातारीला बरं वाटेल असं वाटलं असावं.

३

या वर्षी ऑगस्टमध्ये प्रकाशनातून राजनंदिनीचा फोन आला. ती तिथे संपादक आहे, माझ्या निम्म्या वयाची. नवं पुस्तक डोंगरांतल्या राष्ट्रीय उद्यानांवर होतं, सगळे रस्ते दिल्लीपासून द्यायचे होते. “सर, ‘परत कसे याल’शिवाय देऊ नका हं,” ती म्हणाली, “लोक म्हणतात, यांनी आम्हाला तिथेच सोडलं.”

यादीतलं एक नाव माझ्या ओळखीचं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. उत्तरेत, बर्फाच्या रेषेखाली, दुर्गम म्हणावं असं ते उद्यान आहे. दीपालीला आयुष्यात एकदा तिथे जायचं होतं. जिथे समुद्राचा आवाज पोचणारच नाही अशी एक तरी जागा बघू, असं ती म्हणायची. तिने स्वतः फोन करून वाट काढली होती. सोसायटीच्या लांबड्या निळ्या वहीत ती तिच्या अक्षरात होती. दिल्लीहून रात्रभराची बस. डोंगररस्त्यावरच्या बोगद्याच्या अलीकडे उतरायचं. तिथून तालुक्याच्या गावाला लहान बस, मग शेवटच्या गावापर्यंत जीप, आणि तिथून आठ किलोमीटर नदीच्या काठाने चालत वनखात्याचं विश्रामगृह. प्रत्येक ओळीपुढे माझं लाल ‘पक्कं’. त्याखाली तिने लिहिलं होतं, ‘परत कसे याल :’ आणि पान कोरं होतं. तेव्हाच तिचे रिपोर्ट आले होते.

मी विश्रामगृहाच्या चौकीदाराला फोन लावला. टेकसिंग त्याचं नाव. फाटकाजवळच्या दगडी भिंतीवर चढलं की तिथे फोनला रेंज येते, हे त्याने पहिल्या मिनिटातच सांगितलं. जायची वाट तीच होती. काही बदललं नव्हतं. मग मी परतीचं विचारलं.

“वापस?” तो म्हणाला आणि थांबला. त्याने कुणाला तरी हाक मारून विचारल्याचं ऐकू आलं. उत्तर मला ऐकू आलं नाही, फक्त पाणी वाहिल्यासारखा आवाज. मग तो म्हणाला, “नीचे गाँव से जीप पौने सात की है. पर आप साढ़े छह पे खड़े रहिए.”

मी लिहून घेतलं. पेन्सिल खाली ठेवल्यावर मला ते लक्षात आलं. पंधरा मिनिटं.

कुणाला विचारलंत, असं मी विचारलं. तो म्हणाला, एक मॅडम आहेत, तुमच्याच बाजूच्या, पायरीवर बसल्यात. वेळा सगळ्या तोंडपाठ आहेत त्यांना. पावसाळ्यात पर्यटक येतात का, मी विचारलं. नाही येत, तो म्हणाला. रजिस्टरमध्ये नाव? ते त्याने पाहिलं नव्हतं. मग स्वतःहूनच म्हणाला, साडी ओली आहे त्यांची, सकाळपासून उन्हात बसा म्हणतोय, पण वाळत नाही.

फोन ठेवल्यावर मी हसलो हे मला आठवतं. मराठी माणूस कुठे भेटत नाही? आणि बससाठी पंधरा मिनिटं आधी उभं राहणं हा काही एकट्या दीपालीचा शोध नव्हे. खाली गिरणी सुरू झाली. मी कपावर हात ठेवला.

४

दुसरी सही हवी होती. जीप जिथे थांबते त्या दुकानाचा नंबर वहीत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. दुकान चालवणारी बाई बोलकी होती. जीप पावणेसातचीच. मी पहिली ओळ लिहिली. ‘पक्कं’ लिहायच्या आतच ती म्हणाली, पण तुमच्याकडची एक बाई काल वरून उतरली तेव्हापासून इथेच आहे. आज सकाळची जीप तिने सोडली.

का सोडली?

“कहती है, आगे का पक्का नहीं हुआ.”

मग दुकानवाली तिच्या बाकाबद्दल सांगू लागली. बाई जिथे बसते तिथलं लाकूड ओलं होतं, आणि ओल वाळली की कडेला पांढरी रेघ उमटते. बोट लावून चाखलं तर मीठ. “गाय आके चाटती है,” ती हसत म्हणाली. “भगाती हूँ, फिर आ जाती है.”

तिचा चेहरा कसा आहे, असं मला विचारायचं होतं. मी विचारलं ते असं : त्या बाई कुठे उतरणार म्हणतात? दुकानवाली म्हणाली, नाव सांगितलं पण माझ्या तोंडात बसत नाही, ‘बो’वरून काहीतरी आहे.

५

आता मी जे केलं त्याला भीती म्हणता येणार नाही. स्टोअरमध्ये वजनात फरक आला की मी काटा तपासायचो, तसंच ते होतं.

तीन दिवस मी कुणालाच फोन केला नाही. चौथ्या दिवशी दुकानात विचारलं. बाई बाकावरच होती. मग मी तालुक्याच्या बसस्टँडवर दोन ठिकाणी फोन करून बोगद्यापर्यंतच्या बसची वेळ घेतली आणि जीप, बस, दोन्ही ओळींपुढे ‘पक्कं’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानवाली म्हणाली, गेली की, सकाळच्या जीपने. बसस्टँडवरच्या चहावाल्याने ती उतरलेली पाहिली होती. तिथून दुसऱ्या बाजूला, उद्यानाशी काही संबंध नसलेल्या रस्त्यावरही एक बसस्टँड आहे. तिथेही मी फोन केला. ओली साडी नेसलेली बाई तिथे कुणी पाहिली नव्हती. तिथल्या माणसाने मला विचारलं, हरवल्यात का कुणी? मी म्हणालो, नाही.

म्हणजे मी लिहीन तेवढंच ती पुढे येत होती. हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि खोडलं, कारण त्याला माझी एकट्याची सही होती.

मग बोगद्यापासून दिल्लीची रात्रीची बसही दोघांना विचारून ‘पक्कं’ केली. दिल्लीबद्दल मी निश्चिंत होतो. तिथे लाखो माणसांत एका बाईकडे कोण बघणार? रेल्वे स्टेशनवरच्या चौकशी खिडकीतल्या माणसाने वैतागून बोईसरच्या गाडीची वेळ सांगितली. दुसरी सही म्हणून मी जवळच्या एका ट्रॅव्हल एजंटाला विचारलं. सुरत, वापीमार्गे बोईसरला थांबणारी गाडी कोणती? त्याने सांगितलं आणि म्हणाला, हेच आत्ता एक लेडी विचारत होत्या. तुमच्याच का? बाहेर उभ्या आहेत. बसचं तिकीट घडी करून घड्याळाच्या पट्ट्यात खोचलंय त्यांनी.

दीपालीच्या डाव्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याखाली, तिकिटाच्या घडीचा एक फिकट चौकोन पडलेला असायचा.

मी त्याला म्हणालो, त्यांना जरा फोन द्याल का. त्याने बाहेर हाक मारली. थोडा वेळ फक्त गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. मग तो परत आला.

“कहती हैं, वहीं आके बोलूँगी.”

त्या संध्याकाळी मी राजनंदिनीला सांगितलं की ही चौकट उशिरा मिळेल. ती म्हणाली, सर, रस्ता एवढा अवघड आहे का? मी म्हणालो, जायला नाही.

६

दिल्ली ते बोईसर ही ओळ मी पुरी केली. करायला नको होती असं आता वाटतं, पण तेव्हा मला फक्त पाहायचं होतं. शेवटची ओळ राहिली. बोईसर स्टेशन ते घर. ती चौकटीत लागतच नाही, पुस्तकाचा वाचक माझ्या घरी कशाला येईल? तरी मी ती पेन्सिलीने लिहून पाहिली, आणि समास कोरा ठेवला.

मिथुन वर्षभरापासून स्टेशनवर रिक्षा चालवतो. गिरणीत दळायला येतो तेव्हा वर येऊन पाणी पितो. शनिवारी तो पाणी पिता पिता म्हणाला, “अंकल, स्टेशन पे एक आंटी तीन दिन से बैठी है. सब रिक्षावाले पूछ चुके. किधर जाना है पूछो तो बोलती है, अभी पक्का नहीं हुआ.” पोलिसांना सांगितलं का, मी विचारलं. तो म्हणाला, काय सांगणार, कुणाला त्रास नाही देत. फरशी तेवढी ओली करते.

मी त्याच्याच रिक्षातून गेलो. भर दुपार होती. बाकावर कुणी नव्हतं. सिमेंटच्या बाकाच्या एका टोकाला ओल होती आणि तिच्या कडेने पांढरी रेघ. पाऊस चार दिवस झाला नव्हता. मी दुसऱ्या टोकाला बसलो. सुक्या मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बायका आल्या. एक माझ्या शेजारी बसायला गेली आणि दुसरीने तिचा हात धरला. म्हणाली, तिथं नको, तिथं बसल्यात कुनी.

मी वळून पाहिलं नाही. भीती नव्हती. तीन दिवस तिला इथे बसवून मी घरी चहा पीत होतो, एवढंच मनात आलं.

७

रविवारी सकाळी मुरब्याला गेलो. दीपालीचा भाऊ मनीष अंगणात जाळं विणत बसला होता. मला पाहून म्हणाला, “भावोजी, तुमी? सगल्या दुनियेला वाट दाखवता आन सासुरवाडीला दोन वर्षानी येता? का हिथला फोन नंबर भेटला नाय?” मी हसलो. त्याने सुई दातात धरून माझ्यासाठी खुर्ची ओढली. मग आत वळून ओरडला की आई, तुझा जावय आलाय, पुस्तकातनं बाहेर पडून.

रत्नाबाई मागच्या दारात बसून बोंबील निवडत होत्या. ते दार खाडीकडे उघडतं. मनीषने मला हळू आवाजात सांगितलं, दोन वर्षं आई या दाराला कडी लावू देत नाही. मांजरं मासळी खातात, पावसाचं पाणी आत येतं, पण नाही. हे सगळ्या गावात करतात की फक्त या घरात, मला माहीत नव्हतं. मनीषलाही नव्हतं.

मी रत्नाबाईंजवळ बसलो आणि बाराव्याला जे खोटं बोललो ते सांगितलं. ती ‘जाते’ म्हणाली होती. ‘येते’ म्हणायच्या आत लिफ्टचं दार लागलं.

त्यांचे हात थांबले नाहीत. बोंबलाचं डोकं मोडून त्यांनी बाजूला टाकलं. म्हणाल्या, “मना ठाव हाय. ल्हानपनापासनं जातेच बोलायची ती. मंग वळनावर जाऊन येते बोलायची.”

“मग दार उघडं का ठेवता? मला वाटलं, मी येते म्हणाली असं सांगितलं म्हणून.”

“बोलली असती तर कडी लावली असती,” त्या म्हणाल्या. “बोलली नाय, म्हनून उघडं हाय. बोलायला तरी येल.”

मागे खाडीत ओहोटी लागली होती. मी त्यांना सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ती माझ्याकडे आली तर? त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. वेड्यासारखं काही विचारलं असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

“तुमच्याकडंच येल. तुमीच अडवलाव तिला, येते बोल बोल म्हनून.” मग हातातला बोंबील खाली ठेवून म्हणाल्या, “ऐकून घ्या. बोलल आन जाईल. तुमी मात्र काय बोलू नका. सुतकाच्या घरात कोन कुनाला ये बोलतं का?”

मी मान हलवली.

मी निघालो तेव्हा त्या मनीषवर चिडल्या होत्या, बाराव्याला त्याने त्यांना माझ्या घरी नीट पोचवलं नव्हतं म्हणून. “टेशनावर रिक्षा केली, गिरनीपाशी उतरवलन, आन दोन जिने. माझं गुडघं गेलं.” मनीष म्हणाला, जिना मी बांधला होता काय? दोघं भांडत राहिली. मी चपला घालत होतो. स्टेशन, रिक्षा, गिरणी, दोन जिने. त्या वाटेला माझी एक सही होतीच, न विचारताच दुसरी झाली होती.

दारातून बाहेर पडताना मी काही बोललो नाही. रत्नाबाईही काही बोलल्या नाहीत.

८

त्या संध्याकाळी मी बराच वेळ पेन्सिल हातात घेऊन बसलो. एक बाजू स्पष्ट होती. ही मेलेल्या माणसाची वाट होती आणि ती माझ्या दारात संपत होती. दुसरी बाजू अशी की बाकावर कुणीतरी बसलं होतं, आणि ते माझ्या एका शब्दासाठी बसलं होतं. तिला फक्त तिचं राहिलेलं बोलायचं होतं. मला ऐकायचं होतं. ऐकायचं आणि गप्प राहायचं, एवढं मला जमायला हरकत नव्हती. मी समासात ‘पक्कं’ लिहिलं आणि जेवलो.

सोमवारी सकाळी जिन्याचं दार उघडं ठेवलं. टेबलाशी बसलो, नेहमीसारखा पाठमोरा. स्वस्थ बसवेना म्हणून दुसऱ्या एका उद्यानाची चौकट पुढे ओढली. अंतरांची बेरीज चुकत होती. तालुका ते गाव बावीस किलोमीटर, नकाशात सव्वीस. खाली गिरणी चालू होती, चहा थरथरत होता. मी चार किलोमीटर शोधत होतो. सांगणाऱ्याने पुलापर्यंतचंच अंतर सांगितलं असावं, असं मला सुचलं.

गिरणी थांबली. घड्याळात आठ पंचवीस झाले होते.

“येते,” खालून आवाज आला.

गिरणीवर आलेल्या बायकांना ऐकू जाईल असा. थोडा हसरा.

मी बावीसच्या जागी सव्वीस लिहिलं आणि म्हणालो, “ये.”

शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं. पेन्सिल कागदावरच राहिली. आता फाटकाची कडी वाजेल, असं मी स्वतःला सांगितलं. सव्वीस वर्षं माझ्या ‘ये’नंतर ती वाजली होती. मी तिची वाट पाहिली.

कडी वाजली नाही. खालच्या पायरीवर ओल्या पायाचा आवाज झाला, मग तिच्या वरच्या पायरीवर.

पावलं सावकाश येत होती. पहिला जिना संपतो तिथे ती थांबली, दीपाली गुडघ्यावर हात ठेवून थांबायची तेवढीच. दारातून आत वारा आला आणि त्याला ओहोटीच्या वेळी खाडीला येतो तसा वास होता. मी वळलो. टेबलापासून उघड्या दारातून जिन्याचं वळण आणि कठड्याचा हातभर तुकडा दिसतो, त्याहून जास्त नाही. कठड्यावर एक हात होता. मनगटावर घड्याळ होतं, पट्ट्यात तिकिटाची घडी खोचलेली. घडीतून पाणी थेंबाथेंबाने पायरीवर पडत होतं. हात दीपालीचा होता असं मी म्हणेन. पण तो कठड्याच्या अगदी खालच्या दांड्यावर होता, त्या उंचीवर वर येणाऱ्या उभ्या माणसाचा हात येत नाही.

मग तो पुढे सरकला.

ती चौकट पुस्तकात आली नाही. राजनंदिनीला मी कळवलं की परतीची वाट नीट मिळाली नाही, म्हणून ते ठिकाणच गाळा. तिने गाळलं. मिथुन म्हणतो, स्टेशनवरचा बाक आता कोरडा असतो. मुरब्याहून मनीषचा फोन आला होता. सोमवारी सकाळी उठून आईने स्वतःच्या हाताने मागच्या दाराला कडी लावली. का, ते सांगत नाही.

गिरणीवाल्याची बायको जिना पुसते. पायऱ्यांवर पांढरं कसलं पडतं, पुसलं तरी पुन्हा येतं, असं ती मला दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा ती दाराबाहेरच उभी राहिली, आणि बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या दिशेने बघत होती. तिला काय दिसतं ते मी विचारलेलं नाही. मला जे दिसतं त्याला अजून एकच सही आहे.